दोनशे बारा मीटरवर

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी धरणाचा फोन आला. रोज यायचा तसाच.

"मुख्य भराव. एकशे चाळीस ते तीनशे मीटर. अपेक्षित हालचाल आढळली नाही. पाहणी करून कळवा. सर्व ठीक असल्यास एक दाबा."

सातापा खोत अंथरुणावर बसूनच होता. त्यानं फोनमधल्या बाईचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एक दाबलं. सर्व ठीक नव्हतं, पण त्यासाठी वेगळा आकडा नव्हता.

अपेक्षित हालचाल म्हणजे शालन, त्याची बायको. तिला जाऊन पाच महिने झाले होते.

धरण दोघांनी मिळून बांधलं होतं. लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी सातापानं स्वतःच्या जमिनीतला ओढा अडवायचं ठरवलं तेव्हा भुदरगडात लोक हसले होते. सरकार बांधतं ते धरण, खोत बांधतोय तो बांध, असं म्हणायचे. तीन उन्हाळे काम चाललं. मधे काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याच्या बाजूला दगड. माती थराथरानं टाकायची, पाणी मारायचं आणि तुडवायची. बैल तुडवायचे, बाया तुडवायच्या, आणि सगळ्यांच्या पुढं लुगडं खोचून शालन. तिसऱ्या उन्हाळ्यात दगडी रोलरचा दांडा निसटून तिच्या डाव्या घोट्यावर आला. हाड बसलं, पण पाय ओढतच राहिला. "धरणानं माझा पाय घेतला. आता त्याला फुटून चालायचं न्हाई," असं ती म्हणायची.

ते फुटलं नाही. तीनशे दहा मीटर लांब, नऊ मीटर उंच. त्याच्या पाण्यावर साठ एकर भिजत होतं, आणि खालच्या पाणंदीतली अकरा घरांची वाडीही त्याच पाण्यावर उभी राहिली होती. पुढं कोल्हापूर-बेळगावची माणसं रविवारी यायला लागली. शालननं पायडलच्या चार होड्या आणवल्या आणि स्वतःच्या धाकट्या भावाला, भिकाजीला, बोलावून त्यांच्या कामावर बसवलं. तो बायकापोरांसह त्या वाडीतच राहिला. मे महिन्यात पोहायला शिकणाऱ्या पोरांचा काठावर असा कल्ला असायचा की गोठ्यातल्या म्हशी पान्हा चोरायच्या. शालन भाकरी थापता थापता खिडकीतून ओरडायची, "ए लाल चड्डी! दोरीच्या आत!"

मग सात वर्षांपूर्वी कायदा आला. वाड्यावस्तीच्या वर असलेल्या प्रत्येक खाजगी धरणाला कान बसवायचा. लोक त्याला कान म्हणत. खरं तर ती केसाएवढी काचेची तार होती. भरावाच्या माथ्यातून आणि परत पायथ्यातून पुरलेली. तिच्या एका टोकातून प्रकाश सोडायचा. तो पुढं जाताना वाटेत जागोजागी कणभर मागे परततो. जमीन जरा हलली की तार जरा ताणली जाते आणि परतणारा प्रकाश बदलतो. त्यामुळं तारेच्या प्रत्येक मीटरला काय हललं ते कळतं. घूस उकरतेय, दगड घसरतोय की पाणी आतून वाहतंय, हे यंत्र वर्षभर ऐकून शिकतं. नेहमीचं काय, ते एकदा शिकलं की नेहमीपेक्षा वेगळं काही झालं की फोन करतं.

शालन रोज पहाटे भरावावरून चालायची. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, हातात काठी, ओढता पाय. यंत्रानं तिलाही नेहमीच्यात धरलं.

कान बसवणाऱ्या कंपनीची इंजिनियर जूनच्या सुरुवातीला आली. स्नेहल मगदूम तिचं नाव. तिशीची, पायात चिखलाचे बूट. तिनं फोनची यादी सातापापुढं धरली.

"काका, पाच महिन्यांत एकशे एक्केचाळीस सूचना. सगळ्या एकाच वेळेच्या. आम्हाला वाटलं तार बिघडली."

"तार चांगली हाय."

"हो. मी तपासली." तिनं यादी खाली ठेवली. "काकूंचं मला माहीत नव्हतं."

तिनं हातातली टॅबलेटची पाटी गुडघ्यावर ठेवली आणि यंत्र काय शिकलंय ते ऐकवलं. ते ध्वनिमुद्रण नव्हतं. सात वर्षांच्या चालण्यातून यंत्रानं धरलेला नमुना होता, त्याचा तिनं आवाज करून दाखवला. काठी, पाऊल, घासत येणारं पाऊल. काठी, पाऊल, घासत येणारं पाऊल. एका जागी चाल थांबायची, काठीचे चारदोन ठोके पडायचे, पाणी ओतल्यासारखं व्हायचं आणि मग पुन्हा काठी.

सातापानं मान खाली घातली होती. ओसरीवर बसलेला भिकाजी उठून होड्यांकडं निघून गेला.

"इथं दोनशे बारा मीटरवर त्या रोज थांबायच्या. तीन मिनिटं. काय करायच्या?"

"तोंड धूत असंल," सातापा म्हणाला. त्याला माहीत नव्हतं. त्या वेळी तो धारा काढत असायचा. डॉक्टरनं पायासाठी चालायला सांगितलंय म्हणून ती चालते, एवढंच तो धरून होता.

"हा नमुना पुसायला तुमची परवानगी हवी."

"यंत्र आपसूक इसरत न्हाई?"

"मुद्दाम विसरू देत नाही. धरण एका दिवसात फुटत नाही, काका. पाझर आज थेंबभर वाढतो, उद्या आणखी थेंबभर. यंत्र रोज थोडं थोडं विसरत गेलं तर वाढलेला पाझरही त्याला कालच्यासारखाच वाटेल. म्हणून शिकलेलं पुसायचं तर मालकानं स्वतः बोलून पुसायचं, कारण देऊन. हवं तर हा आवाज मी तुमच्या फोनवर घालून देते, तो तुमच्याकडं राहील."

"आवाज नको." सातापानं पाटी हातानं बाजूला सारली. मग म्हणाला, "पोरी, दहावं झालं, तेरावं झालं. लेक पुण्याला गेली. माणसं आपापल्या कामाला लागली, लागायलाच पायजेत. तिची अजून रोज वाट बघणारं हे एकच ऱ्हायलंय. बघू दे त्याला."

स्नेहलनं पाटी बंद केली. "दिवाळीपर्यंत थांबते मी. पण काका, रोज एक दाबू नका. खरंच जाऊन बघत जा."

तो बघायला जाऊ लागला. पण बघण्यापेक्षा त्याला दुसरंच सुचलं.

आवाज त्याच्या कानात बसला होता. त्यानं कोपऱ्यातली तिची काठी घेतली. एकशे चाळीस मीटरच्या दगडापासून निघाला. काठी, पाऊल, आणि डावा पाय मुद्दाम ओढत. पहिल्या दिवशी फोन आलाच. दुसऱ्या दिवशीही आला. त्याची ढांग मोठी पडत होती. त्यानं ती आखूड केली. दोनशे बारा मीटरच्या खुणेपाशी थांबून काठी चारदोनदा आपटली. पाचव्या दिवशी सहा-दहा झाले, सव्वासहा झाले, फोन मुका राहिला.

सातापा भरावावर उभाच राहिला. तळ्यावर धुकं होतं. त्याला वाटलं, आपण कुणाला तरी समजावून निजवलं.

मग ते रोजचं झालं. चालताना जुनं सगळं आठवायचं, आणि क्रमानं नाही. तिनं बेळगावच्या एका वकिलाला होडी काठाला लावता येईना म्हणून दिलेली शिवी. पहिल्यांदा तळं भरलं तेव्हा दोघं भरावावर बसून पाण्याकडं नुसतेच बघत राहिले होते, दुपारचं जेवायचं विसरून. तिच्या पायाला तेल चोळायचं ते नेहमी त्याच्याकडं असायचं, आणि तो चोळता चोळता पेंगला की ती दुसरा पाय पुढं करायची.

भिकाजीच्या ते लक्षात आलंच.

"काय ओ दाजी, पाय कशानं दुखावला?"

"कुटं काय."

"मग लंगडताय का? आन् आमच्या आक्कागत?"

"व्यायाम हाय त्यो."

"व्हय, व्हय. उद्या लुगडं नेसून या, म्हंजे पुरा व्यायाम हुतोय," भिकाजी म्हणाला आणि होडीतलं पाणी उपसू लागला. थोड्या वेळानं मान वर न करताच बोलला, "दाजी, लई दिस करू नका. मला घराकडनं बघितल्यावर आक्काच आल्यागत वाटतंय."

सातापानं ऐकलं नाही.

पाऊस चांगला झाला. गणपती गेले तेव्हा तळं सांडव्यापर्यंत भरलेलं होतं. विसर्जनाला दिवसभर पाण्यात उभं राहून सातापाला ताप आला. दोन दिवस तो उठला नाही. पहिल्या सकाळी तापात त्यानं घड्याळाकडं बघितलं. सहा-दहा, साडेसहा, सात. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आज आपण चाललो नाही, तरी हे गप्प कसं? त्यानं फोनवर रोजचा अहवाल उघडला. तो कधी उघडत नसे.

"अपेक्षित हालचाल: आढळली. ठिकाण: २१२ मीटर. कालावधी: परवा सकाळपासून अखंड."

त्यानं दोनदा वाचलं. परवापासून ती तिथं उभी होती.

सातापा उठला. तोंड धुतलं. धुतलेला सदरा घातला, केसांवरून पाण्याचा हात फिरवला. हे सगळं खुळ्यासारखं चाललंय हे त्याला कळत होतं, आणि तरी त्याचे हात घाईनं चालत होते. ऊन वर आलं होतं. होड्यांपाशी भिकाजीनं त्याला अडवलं.

"तापातनं उठून कुटं निघालासा?"

"शालन आलीया."

भिकाजीच्या हातातली दोरी खाली पडली.

"दोनशे बाराला हाय. यंत्र म्हणतंय. परवापास्नं." सातापानं फोन पुढं केला.

भिकाजीनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्याचा चेहराच बदलला. "दाजी, आक्का तितं काय करायची ठावं हाय का तुमास्नी?"

"तोंड धुवायची."

"तोंड धुतीया! पायऱ्या उतरून पायथ्याला जायची. तितं ती मोरी हाय न्हवं, पाझराचं पाणी भाईर येतंय ती? त्यातलं पाणी काचेच्या गलासात घ्यायची, उजेडाला धरायची. निवळ असलं की वतून टाकायची. आन् वरच्या अंगाला घुशीची बिळं काठीनं ठोकून बुजवायची. रोज! तुमी काय नुसतं लंगडत हुता व्हय वरनं?"

दोघं पळाले. सातापाला पळवत नव्हतं, तरी पळाला.

पायऱ्यांखालचं गवत ओलं होतं. मोरीशेजारी, जिथं कधी पाणी नसायचं, तिथून मनगटाएवढी धार येत होती. वर मुरुमात घुशीची तीन मोठी बिळं उघडी पडली होती. मोरीच्या कडेच्या कोनाड्यात शालनचा गलास पालथा होता. भिकाजीनं तो धारेखाली धरला आणि उन्हाला लावला. पाणी चहासारखं लाल होतं. गलासाच्या बुडाशी माती बसायला लागली.

धरणातून निव्वळ पाणी आलं तर भ्यायचं नसतं. मातीचं प्रत्येक धरण थोडं पाझरतं. पण पाणी माती घेऊन यायला लागलं की आत नळी पडते. नळी रुंदावली की जास्त पाणी येतं, जास्त पाणी जास्त माती नेतं, आणि मग एखाद्या तासात सगळं संपतं.

फोन लावला तेव्हा स्नेहल जवळच गारगोटीत होती. साडेनवाला पोचली. तोवर पाटाचं दार पूर्ण उघडलं होतं आणि वाडीतली माणसं ट्रॉलीतून वाळू आणत होती. तिनं कसं टाकायचं ते सांगितलं. धारेवर आधी बारीक वाळू, वर खडी, वर दगड. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. चहाच्या गाळणीसारखं. मग ती पाटी घेऊन पायरीवर बसली आणि तिचं तोंड उतरलं.

"काय ऐकू येतंय?" सातापानं विचारलं.

"काहीच नाही. तेच तर. इथं पाणी पडायचा आवाज आला की यंत्र त्याला काकू समजतंय. ओळखीचा आवाज म्हणून वजा करून टाकतंय. तीन मिनिटांचं माणूस तीन दिवस तिथं कसं असेल, एवढं विचारायला आम्ही त्याला शिकवलं नाही. ती चूक आमची आहे, मी लिहून देईन." तिनं घाम पुसला. "पण आत्ता मला एकच कळायला हवंय. नळी बाहेरच्या मुरुमातच आहे की काळ्या मातीतून आरपार गेलीय? मुरुमात असेल तर वाळू धरेल. आरपार असेल तर काहीच धरणार नाही. वाडी आत्ताच वर काढायची आणि दुपारच्या आत सांडव्याच्या बाजूनं भराव कापून पाणी सोडायचं."

"आन् नमुना पुसला तर?"

"दहा मिनिटांत ऐकू येईल. पण तुम्ही म्हणाल तरच. मी परस्पर पुसू शकत नाही."

वरून बायका टोपल्या घेऊन उतरत होत्या. त्यांतल्या निम्म्या जणींची नावं शालननं ठेवलेली होती.

"वाडी वर काढा," सातापा म्हणाला. "आन् कापा भराव. जाऊ दे धरण."

"काका..."

"बांधलंय मी. मी कापतोय."

भिकाजी वाळूनं भरलेल्या हातांनी समोर येऊन उभा राहिला. "कापा की. धरण तुमचं हाय. पाणंदीतल्या अकरा घरांच्या हिरी आटतील, ते बी सोसू आमी. पर भराव कापला की तार तुटली. मग कोण बघणार आक्काची वाट?"

सातापा पायरीवर टेकला.

भिकाजी खाली बसला, त्याच्या गुडघ्याशी. आता त्याचा आवाज भांडणाचा नव्हता. "दाजी, आक्का गेली त्या दिशी तुमी मलाच फटफटीवरनं धाडलंसा. पिंपळगावला, कडगावला, मावशीकडं, पार निपाणीपातूर. एक घर सोडलं न्हाई. जित्या माणसाला माणूस गेल्याचं कळवावंच लागतंय, न्हाईतर ते दारात बघत बसतंय. समद्यास्नी सांगावा गेला. ह्याला तेवढा धाडायचा ऱ्हायला."

सातापा पायरीवरून उठला. मग त्यानं पाटीसाठी हात पुढं केला.

स्नेहलनं ती त्याच्यासमोर धरली. यंत्रानं त्याच बाईच्या आवाजात विचारलं, "नमुना क्रमांक चार. कायमचा पुसायचा आहे का?"

"व्हय."

"कारण सांगा."

पाच महिन्यांत आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांत सातापानं ते वाक्य उच्चारलं नव्हतं. तो 'ती गेल्यापास्नं' म्हणायचा, 'त्या वेळेला' म्हणायचा. मुलीशी फोनवर बोलतानाही त्या शब्दाला वळसा घालून जायचा. आता त्यानं सांगावा सांगतात तसा सांगितला. नाव घेऊन, गाव घेऊन, उभ्यानं.

"शालन सातापा खोत, राहणार हितंच. पौषात, सोमवारी सकाळी वारली. तिची वाट बघू नगा."

पाटीवर एक रेघ सरकत गेली. "नोंद झाली," बाई म्हणाली.

बायका टोपल्या खाली ठेवून उभ्या होत्या. सांगावा ऐकल्यावर हातातलं काम ठेवतात तशा. मग स्नेहलच्या पाटीतून एक सुसकारा ऐकू यायला लागला. बारीक, एकसारखा, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. ती बोटानं रेघा मागेपुढे करत राहिली. एकदा थांबली, पुन्हा ऐकलं.

"दोनशे सहा ते दोनशे चौदा," ती म्हणाली. "फक्त पायथ्याची तार. माथ्याच्या तारेत काही नाही. काळी माती गप्प आहे, काका. आत काही हलत नाही. बिळांमधून आलंय सगळं, बाहेरच्या मुरुमातूनच." तिनं डोळे पुसले. "कापायचं नाही. वाळू टाका. पाणी दोन मीटर उतरेपर्यंत टाकत राहा."

भिकाजीनं गुडघ्यांत डोकं घातलं. पौषापासून तो रडला नव्हता. फटफटीवरून गावोगाव फिरण्यातच त्याची ती वेळ निघून गेली होती. सातापानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यालाही भरून आलं होतं, पण त्याला वाटलं, हा आधी होऊ दे.

थोड्या वेळानं त्यानं मेहुण्याला उठवलं. ट्रॉलीतली वाळू अजून निम्मी होती.